बाल्सामिक: किती द्राक्ष, किती काळ?

जबलपुरात सदर असो की राइट टाऊन, मोठ्या किराणा दुकानात ऑलिव्ह तेल आणि पास्त्याच्या शेजारी आता काळपट तपकिरी द्रवाच्या बाटल्या उभ्या दिसतात. सगळ्यांवर ‘बाल्सामिक’ लिहिलेलं, बहुतेकींवर इटलीतल्या ‘मोदेना’चं नाव. रंग सारखा, आकार जवळपास सारखा. पण एकीची किंमत दुसरीच्या तिप्पट-चौपट. स्वस्त घेतली तर नुसती आंबट निघण्याची धास्ती, महाग घेतली तर पैसे फुकट जाण्याची. खरं तर फसण्याचं कारण नाही. बाल्सामिकची किंमत दोनच गोष्टींवर ठरते: बाटलीत द्राक्षाचा रस किती आहे आणि तो लाकडी पिंपात किती काळ राहिला आहे. या दोन्हींचा पत्ता बाटलीवरच असतो, फक्त दर्शनी बाजूला नसतो.

सिरका आंबट का, बाल्सामिक गोड का

महाकोशलात व्हिनेगर नवं नाही. धाब्यावर सिरक्यातला कांदा पानात येतो, आणि जांभळाचा हंगाम आला की काही घरांत जांभळाचा रस मातीच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरून, तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवला जातो. महिना-दीड महिन्यात त्याचा सिरका होतो. बरणीत या काळात दोन कामं होतात. आधी यीस्ट रसातली साखर खाऊन तिचं अल्कोहोल करतं. मग ॲसेटोबॅक्टरसारखे जिवाणू हवेतला प्राणवायू घेऊन त्या अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात. फडकं बांधायचं, पण घट्ट झाकण लावायचं नाही, ते यासाठीच: हवा मिळाली नाही तर दुसरं काम अडतं. वर जी बुळबुळीत साय धरते ती या जिवाणूंचीच. १८६०च्या दशकात लुई पाश्चरने व्हिनेगर हे सजीवांचं काम आहे हे प्रयोगांनी दाखवलं. बरणी उन्हात ठेवणारी घरं ते काम त्याच्या कितीतरी आधीपासून करून घेत होती.

अशा सिरक्यात, किंवा वाइनपासून केलेल्या साध्या व्हिनेगरमध्ये, गोडवा जवळपास उरत नाही. रसातली बहुतेक साखर पहिल्या टप्प्यातच संपलेली असते. उरतं ते पाणी, आम्ल आणि फळाचा थोडा वास. म्हणून सिरका पातळ आणि झणझणीत.

मोदेनाची जुनी रीत इथेच वेगळी होते. तिथे वाइन करतच नाहीत. लाम्ब्रुस्को, त्रेब्बियानो या स्थानिक जातींची द्राक्षं पिळून निघालेला ताजा रस उघड्या पातेल्यात, थेट आचेवर, तासन्‌तास आटवतात. जबलपूरहून इटारसीकडे जाताना करेलीच्या आसपास गुऱ्हाळं लागतात. तिथे उसाचा रस काकवीच्या पायरीवर येतो, तशीच ही द्राक्षाची काकवी समजावी. रस आटून निम्म्याच्या आसपास येतो, रंग गडद होतो, साखर दाट होते. एवढ्या साखरेत बहुतेक यीस्ट तग धरत नाही. जे धरतं ते झायगोसॅकरोमायसेस गटातलं, सावकाश काम करणारं. ते थोड्या साखरेचं अल्कोहोल करून थांबतं, जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात, आणि बरीचशी साखर तशीच राहते. बाल्सामिक आंबट आणि गोड एकाच वेळी लागतं ते यामुळे. अस्सल प्रकारात वरून साखर घातलेली नसते.

माळ्यावरची पिंपं

आटवलेला रस पिंपात जातो, पण एका नव्हे. लहान होत जाणाऱ्या पाच किंवा अधिक पिंपांची एक ओळ असते. तिला तिथे ‘बत्तेरिया’ म्हणतात. ओळीतलं सर्वांत मोठं पिंप सहसा पन्नास-साठ लिटरांचं, सर्वांत लहान दहा-पंधरा लिटरांचं. लाकडंही वेगवेगळी: ओक, चेस्टनट, चेरी, तुती, ॲश, जुनिपर. प्रत्येक लाकूड आपला वास देतं, आणि लाकडाच्या छिद्रांतून पाणी हळूहळू उडून जातं. पिंप काठोकाठ भरत नाहीत, वरची खिडकी फडक्याने झाकतात, म्हणजे जिवाणूंना हवा मिळत राहते.

ही पिंपं तळघरात नव्हे, घराच्या माळ्यावर ठेवतात. वाइनला एकसारखा गारवा लागतो. बाल्सामिकला उन्हाळ्याचा ताव आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही लागतात. उन्हाळ्यात आंबण्याची क्रिया आणि बाष्पीभवन जोरात चालतं, थंडीत द्रव निवळतो, गाळ खाली बसतो.

वर्षातून एकदा सर्वांत लहान पिंपातून थोडं बाल्सामिक काढतात. जेवढं काढलं आणि जेवढं उडालं, तेवढी भर शेजारच्या मोठ्या पिंपातून घालतात. त्याची तूट त्याच्या शेजारच्यातून, असं करत शेवटी सर्वांत मोठ्या पिंपात नवा आटवलेला रस पडतो. म्हणून शेवटच्या पिंपातल्या थेंबात अनेक वर्षांच्या द्राक्षांची सरमिसळ असते. ‘बारा वर्षांचं’ म्हणजे एकाच साली पिळून बारा वर्षं बंद ठेवलेलं, असा त्याचा अर्थ नाही. मोदेनात मुलगी जन्माला आली की तिच्या नावाने पिंपांची ओळ लावायची आणि लग्नात ती तिच्यासोबत द्यायची, असा जुना प्रघात सांगतात. मुलगी लग्नाची होईपर्यंत ओळीचं शेवटचं पिंपही जमून येतं, हे गणित त्यामागे दिसतं.

या व्हिनेगरचा इतिहास लांबचा आहे. १०४६ साली राजा हेन्री तिसरा याला कानोसाच्या बोनिफाचिओने उत्तम व्हिनेगरचं पिंप भेट दिल्याची नोंद आहे. मोदेनाच्या एस्ते घराण्याच्या तळघरांच्या नोंदवहीत ‘बाल्सामिको’ हा शब्द १७४७ साली येतो. १८६२ साली फ्रान्चेस्को आगाझोत्ती यांनी एका मित्राला पत्रात ही रीत सविस्तर लिहून कळवली, आणि पारंपरिक बाल्सामिक आजही ढोबळमानाने त्याच पद्धतीने होतं. तोवर हा मुख्यतः घराघरांतला, भेट देण्याचा पदार्थ होता. जगभरच्या दुकानांत तो पोचला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तिथूनच नावांचा गोंधळ सुरू झाला.

तीन दर्जे

बाजारात बाल्सामिक नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात.

पहिली, पारंपरिक: ‘आचेतो बाल्सामिको त्रादिझियोनाले’. हिला युरोपीय संघाचं डीओपी, म्हणजे संरक्षित मूळस्थानाचं मानांकन २००० सालापासून आहे, मोदेना आणि शेजारचा रेज्जो एमिलिया या दोन जागांसाठी वेगवेगळं. यात आटवलेला द्राक्षरस हा एकच घटक. वाइन व्हिनेगर नाही, रंग नाही. किमान १२ वर्षं पिंपात. २५ वर्षं झालेल्याला ‘एक्स्ट्राव्हेक्यो’ म्हणतात. चाखणाऱ्यांच्या मंडळाने पास केल्याशिवाय बाटलीत भरता येत नाही. बाटली १०० मिलीची, ठरलेल्या आकाराची. मोदेनाची गोलसर पोटाची, चौकोनी बुडाची बाटली जोर्जेत्तो जुजारो याने आखली. पहिली फोक्सवॅगन गोल्फ आखणारा तोच. रेज्जोची बाटली उलट्या ट्यूलिपच्या आकाराची, आणि तिथे दर्जा शिक्क्याच्या रंगावरून कळतो: लालसर, चंदेरी, सोनेरी अशा चढत्या क्रमाने. किंमत एवढ्याशा बाटलीला काही हजार रुपये. आपल्या शहरातल्या फळीवर ही सहसा नसतेच; कुणी इटलीहून येताना आणली तर हाती लागते.

दुसरी, ‘आचेतो बाल्सामिको दी मोदेना’. नावात ‘त्रादिझियोनाले’ हा शब्द नाही, आणि फरक तेवढ्यातच आहे. हिला २००९ साली आयजीपी, म्हणजे संरक्षित भौगोलिक निर्देशाचं मानांकन मिळालं. इंग्रजी लेबलवर ते पीजीआय असं दिसतं आणि शेजारी निळ्या-पिवळ्या रंगाचा गोल शिक्का असतो. डीओपीचा शिक्का लाल-पिवळा. आयजीपीत आटवलेला किंवा घट्ट केलेला द्राक्षरस आणि वाइन व्हिनेगर यांचं मिश्रण असतं. नियम सैल आहेत: रस किमान २० टक्के, वाइन व्हिनेगर किमान १० टक्के, थोडं किमान दहा वर्षं जुनं व्हिनेगर, आणि रंग स्थिर राहण्यासाठी २ टक्क्यांपर्यंत कॅरामेल चालतं. लाकडात किमान ६० दिवस. तीन वर्षं राहिलं तर ‘इन्व्हेक्यातो’ लिहिता येतं. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक मोदेना बाटल्या या वर्गातल्या. याच एका शिक्क्याखाली २० टक्के रसाचं पातळ व्हिनेगरही बसतं आणि बहुतांश रसाचं, दाट, सुरेख बाल्सामिकही. तिप्पट-चौपट फरक इथूनच येतो.

तिसरी वस्तू म्हणजे बाकी सगळं: नुसतं ‘बाल्सामिक व्हिनेगर’, ‘बाल्सामिक ग्लेझ’, ‘क्रीम ऑफ बाल्सामिक’, ‘व्हाइट बाल्सामिक’. डिसेंबर २०१९मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला की संरक्षण ‘आचेतो बाल्सामिको दी मोदेना’ या पूर्ण नावाला आहे, ‘आचेतो’ किंवा ‘बाल्सामिको’ या सुट्या शब्दांना नाही. म्हणजे जर्मनीतल्या उत्पादकालाही आपल्या व्हिनेगरवर बाल्सामिक लिहिता येतं. शब्द मोकळा आहे. त्याच्या भरवशावर दर्जा ठरवू नये. ग्लेझ हा तर वेगळाच पदार्थ: बाल्सामिकमध्ये ग्लुकोज सिरप, स्टार्च किंवा झँथन गम घालून घट्ट केलेला. सजावटीला चालतो, पण त्याचा दाटपणा मुरण्यातून आलेला नसतो.

बाटली उलटी करा

आता दुकानात. बाटली हातात घेतली की आधी मागचं लेबल. आपल्याकडे घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. जे जास्त ते आधी. समजा दोन आयजीपी बाटल्या समोर आहेत. पहिलीवर लिहिलंय: वाइन व्हिनेगर, घट्ट केलेला द्राक्षरस, रंग (आयएनएस १५०डी). दुसरीवर: आटवलेला द्राक्षरस, वाइन व्हिनेगर. पहिलीत व्हिनेगर जास्त, रस कमी, आणि गडदपणाचा काही भाग कॅरामेलचा. दुसरीत रस जास्त आणि रंग रसाचाच. किंमत थोडी जास्त असली तरी दुसरी घ्यावी. द्राक्षरस आधी की व्हिनेगर आधी, ही एक ओळ वाचली तरी निवडीचं अर्धं काम झालं.

मग आम्लता पाहा. आयजीपीत ती किमान ६ टक्के असते. सगळ्याच बाटल्यांवर ६ दिसलं तर त्यातून विशेष काही कळत नाही. साखरेचा आकडा त्याहून बोलका. पोषणाच्या तक्त्यात १०० मिलीला साखर किती हे असतं. आयजीपीचा किमान नियम लिटरला ११० ग्रॅम, म्हणजे १०० मिलीला ११. एका बाटलीत हा आकडा १५ आणि दुसरीत ४० असेल आणि दोन्हींच्या घटकांत वेगळी साखर किंवा सिरप नसेल, तर दुसरीत द्राक्षरस कितीतरी जास्त आहे.

फसवे ठरतात ते दर्शनी बाजूचे आकडे. ‘१२’, ‘२५’ असे मोठे अंक, पदकांची चित्रं, सोनेरी रिबिनी. अंकापुढे ‘वर्षं’ लिहिलेलं नसेल तर तो ब्रँडचा क्रमांक समजावा. आयजीपीच्या मूळ नियमांत ‘एक्स्ट्रा’, ‘सुपीरियर’, ‘क्लासिक’ असली विशेषणं नावाला जोडायला मनाई आहे, तेव्हा मोदेनाच्या नावाशेजारी असलं काही दिसलं तर शिक्का नीट तपासावा. आयात बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांकही हवा.

शेवटी बाटली हलकेच तिरकी करून परत सरळ करा. पातळ व्हिनेगर काचेवरून लगेच घसरतं. रसाचं प्रमाण चांगलं असेल तर काचेला तपकिरी पडदा धरतो आणि सावकाश उतरतो. घटकांत गम किंवा स्टार्च असेल तर मात्र या परीक्षेला अर्थ नाही, कारण तो दाटपणा आणलेला असतो. म्हणून आधी लेबल, मग तिरकी बाटली, उलट नाही.

घरी चव घेताना पांढरा चिनी मातीचा चमचा घ्या. थेंबभर चाखा. चांगल्या बाल्सामिकमध्ये आधी गोडवा, मग आंबटपणा, मग मनुका किंवा लाकडाची चव मागे राहते. घशाला ठसका लागला आणि पाठीमागे काहीच उरलं नाही, तर ती बाटली सॅलडसाठी ठेवा.

कशाला कोणतं

महाग बाल्सामिक उकळत्या भाजीत घालणं म्हणजे पैसे वाफेवर सोडणं. पारंपरिक प्रकार शिजवतच नाहीत. मोदेनात पार्मेझान चीजच्या तुकड्यावर, स्ट्रॉबेरीवर, व्हॅनिला आइस्क्रीमवर त्याचे थेंब टाकतात. दाट, रसप्रधान आयजीपी हेच काम निम्म्या आनंदाने करतं. आपल्याकडे भाजलेलं पनीर, पिकलेल्या पेरूच्या फोडी, हिवाळ्यात महाबळेश्वरहून येणारी स्ट्रॉबेरी यांवर ते छान लागतं. जबलपूरचा मटार प्रसिद्ध. डिसेंबर-जानेवारीत कोवळे दाणे नुसते वाफवून त्यावर थोडं तेल, मीठ, मिरपूड आणि अर्धा चमचा बाल्सामिक घालून पाहा.

पातळ आणि स्वस्त आयजीपी वाईट नसतं. त्याचं काम वेगळं. एक भाग बाल्सामिक, तीन भाग तेल, चिमूटभर मीठ हे टोमॅटो-काकडीच्या सॅलडला पुरेसं. मांस किंवा भाज्या मुरवायलाही तेच वापरावं. ते दाट हवं असेल तर मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवा. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, म्हणून चमच्याला लेप धरू लागला की गॅस बंद करा. पातेलं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं आम्लाशी झटापट करतं, चवही बिघडते. खिडकी उघडी ठेवा. आम्लाची वाफ डोळ्यांना झोंबते.

व्हिनेगर स्वतःच खराब होत नाही, त्यामुळे फ्रीज नको. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा शेगडीपासून दूर, भिंतीच्या आतल्या कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवा. माळ्यावरचं ऊन पिंपाला मानवतं, उघडलेल्या बाटलीचा वास मात्र उष्णतेने लवकर उडतो. तळाला गाळ दिसला तर घाबरायचं कारण नाही.

मधुमेहींनी एक लक्षात ठेवावं. व्हिनेगर म्हणजे बिनसाखरेचं, हे बाल्सामिकला लागू नाही. १५ मिलीच्या चमच्यात अगदी पातळ प्रकारातही दीड ग्रॅमहून अधिक साखर असते, दाट प्रकारात कितीतरी जास्त. सॅलडवर चमचाभर घेतल्याने फार बिघडत नाही, पण हिशेबात धरावी. जांभळाचा सिरका मधुमेहावर औषध म्हणून विकला जातो. तोही औषधाच्या जागी धरू नये, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्याच्या भरवशावर बंद करू नयेत.

दुकानात एका मिनिटात निवड करायची असेल तर क्रम असा: निळ्या-पिवळ्या शिक्क्याची मोदेना बाटली, घटकांत द्राक्षरस पहिला, कॅरामेल नको, साखरेचा आकडा जास्त. घरात सॅलड क्वचित होत असेल तर २५० मिलीची मधल्या किमतीची एक पुरते. गोडावर, चीजवर थेंब टाकायची हौस असेल तर तिप्पट पैसे एका दाट बाटलीत घालणं योग्य, आणि सॅलडसाठी शेजारची स्वस्त वेगळी. महागडी घेऊन तीच सगळीकडे वापरणं हा सर्वांत तोट्याचा व्यवहार.

हीच तपासणी आपल्या सिरक्यालाही लावावी. भारतात ॲसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेल्या व्हिनेगरवर ‘सिंथेटिक, ॲसेटिक ॲसिडपासून बनवलेलं’ असं छापावंच लागतं, आणि आंबवून केलेलं व्हिनेगर ‘ब्रूड’ म्हणून विकलं जातं. जांभळाचं चित्र असलेल्या बाटलीवरही आधी तो शब्द शोधा, मग घटकांत जांभळाचा रस कितव्या क्रमांकावर आहे ते पाहा. मोदेनाचं असो की महाकोशलातलं, फळ किती आणि त्याला वेळ किती दिला, याच्यापलीकडे व्हिनेगरकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. आणि हे सांगायला मागचं लेबल पुरतं.